काळ्या रानातलं पाणी आताच बाहेर काढा

कृष्णा, वारणा, पंचगंगा, नीरा. या नद्यांच्या खोऱ्यात तुमचं काळं रान असेल, तर उद्या ऊन चढल्यावर एवढं एक काम करा. रानाच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात जा आणि खाली वाकून बघा. तिथे मातीवर पांढरट पापुद्रा धरलाय का? पाणी दिल्यावर बाकीचं रान वाफशावर येतं आणि हा कोपरा मात्र आठवडाभर चिखलच राहतो का? लावणीच्या कांड्या नेमक्या तिथेच कुजतात का? उगवलेला ऊस तिथेच पिवळा आणि आखूड राहतो का? एकाही प्रश्नाचं उत्तर 'होय' असेल, तर हे आवाहन तुमच्यासाठी आहे. सगळ्यांचं उत्तर 'नाही' असेल, तरीही ते तुमच्यासाठीच आहे. तुमचं रान अजून पूर्ण शाबूत आहे, आणि ते राखणं हे ते परत मिळवण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

वेळ मात्र थोडा आहे. मृगाचा पाऊस तोंडावर आलाय. काळी माती कोरडी असते तोवरच तिच्यात चर काढता येतो, नळी पुरता येते, ओढा उकरता येतो. ती एकदा भिजली, फुगली, चिकट झाली, की दिवाळीपर्यंत त्या रानात यंत्र घालता येत नाही. म्हणजे हे उन्हाचे दिवस हातचे गेले, तर आणखी एक पावसाळा आणि आणखी एक उसाची लागण त्याच पाण्यात उभी राहणार. म्हणून आता ऐका आणि आताच हाताला काम द्या.

धोका काय आहे ते आधी सरळ समजून घ्या. आपल्या खोल काळ्या मातीत शंभरातले पन्नास-साठ भाग निव्वळ चिकण असतात. ही चिकण पाणी पिऊन फुगते. फुगली की तिच्यातली बारीक छिद्रं मिटतात आणि वरचं पाणी खाली झिरपायचं जवळजवळ थांबतं. मग तुम्ही वरून पाणी देत राहता, ते खाली साचत राहतं, आणि वर्षागणिक जमिनीखालची पाण्याची पातळी चढत जाते. ती पाच फुटांच्या आत आली की खरा घात सुरू होतो. काळी माती खालचं पाणी आपल्या अंगातून वर ओढते. ऊन लागलं की पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेलं मीठ वरच राहतं. दर पाळीला थोडं, दर वर्षी थोडं. आधी दोन गुंठ्यांचा डाग, मग दहा गुंठ्यांचा, मग अख्खा तुकडा. मिठातल्या सोडियमने चिकणीला धरलं की माती चोपण होते. ओली असताना साबणासारखी बुळबुळीत, वाळली की दगड. तिच्यात ना मूळ उतरतं, ना पाणी.

त्या रानाचा सातबारा तुमच्याच नावावर राहतो, कर्जही तुमच्याच नावावर राहतं, फक्त पीक येत नाही. ज्या एकरात साठ-सत्तर टन ऊस निघायचा, तिथे तोडणीची मजुरीही सुटत नाही. घरातली मुलगी बारावीला आहे, मुलाला गावातच राहून शेती करायची आहे, आईचं औषधपाणी आहे. या सगळ्याचा हिशेब त्या रानावर मांडलेला आहे. रान पडीक झालं की आधी दूध कमी होतं, कारण बांधावर गवतही उगवत नाही. मग शिक्षण अडतं. मग माणूस गाव सोडतो. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत अशी रानं तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. एके काळी सोन्याच्या भावाने बोलली जाणारी जमीन आज कुणी खंडानेही करायला घेत नाही.

आणि हे आजचं नाही. नीरा डावा कालवा वाहू लागून पुरतं पाव शतक उलटलं असेल-नसेल, तोवर त्या खोऱ्यातली काळी रानं पांढरी पडू लागली होती. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर १९१० साली पुस्तिका लिहिली. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याला सावध केलं गेलं. पाणी आलं तिथे पाणी बाहेर काढायची सोयही हवी, हा धडा तेव्हाच मिळाला होता. आपण पाणी आणलं. उपसा योजना केल्या, पाइपलाइनी टाकल्या, नदीचं पाणी दहा-दहा किलोमीटर लांब नेलं. त्या कष्टांना तोड नाही. पण पाण्याला परत जायची वाट आपण ठेवली नाही. बुडाला भोक नसलेल्या कुंडीत तुळस जगत नाही, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. आपल्या रानांचं नेमकं तेच झालंय.

म्हणून तुमचं पहिलं काम: वाट मोकळी करा. तुमच्या रानाच्या खालच्या अंगाने जो ओढा जातो, तो या आठवड्यात चालत जाऊन बघा. कुठे तो बांधात घेतलाय? कुठे भराव टाकून सपाट केलाय? कुठे रस्ता झाला आणि मोरी ठेवायची राहून गेली? कुठे झुडपांनी आणि प्लॅस्टिकने गच्च भरलाय? ग्रामपंचायतीला लेखी द्या. वरच्या-खालच्या शेतकऱ्यांना बरोबर घ्या. ओढा उकरल्याशिवाय रानात कितीही चर काढा, त्यातलं पाणी जाणार कुठे?

इथे भावकी आडवी येते, हे खरं आहे. माझ्या बांधावरून तुझं पाणी का, या एका वाक्यावर वीस वीस वर्षं चर अडून राहिलेले आहेत. तुम्हाला हात जोडून सांगतो, हा हट्ट या उन्हाळ्यात सोडा. खालच्या पाण्याला बांध कळत नाही. आज तुमच्या चुलतभावाचं रान साचलंय, उद्या तेच पाणी तुमच्या रानात वर येणार आहे. मोठी माणसं बसवा, गावातला जाणता माणूस मधे घ्या, एक बैठक करा. पुढाकार तुम्ही घ्या. पहिलं पाऊल टाकणारा कुणीतरी लागतो, आणि तो तुम्ही होऊ शकता.

दुसरं काम: रानाचं पोट तपासा. कोपऱ्यात सहा-सात फूट खोल भोक पाडा. त्यात खालच्या बाजूला छिद्रं असलेली पीव्हीसीची नळी उभी बसवा, भोवती बारीक खडी भरा, वर टोपण लावा. महिन्यातून एकदा काठी घालून पाणी किती फुटांवर आहे ते बघा आणि घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पाच फुटांच्या आत पाणी दिसलं की जागे व्हा. बरोबरीने मातीचे नमुने घ्या. एक वरच्या फुटातला, एक दुसऱ्या फुटातला, एक तिसऱ्या फुटातला. तिन्ही वेगळ्या पिशव्यांत भरा. माती परीक्षण प्रयोगशाळेत सामू, क्षारता आणि सोडियमचं प्रमाण तिन्ही मागून घ्या. क्षारता चारच्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त. सामू साडेआठच्या वर आणि सोडियम शंभरात पंधराच्या वर गेलं तर जमीन चोपण. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून तपासल्याशिवाय पैसा खर्च करू नका. कुणी बाटलीतलं औषध आणून 'महिन्यात रान सुधारतं' म्हणाला तर त्याला हात जोडून परत पाठवा. मीठ बाटलीने जात नाही. मीठ पाण्याबरोबर आलं, ते पाण्याबरोबरच गेलं पाहिजे.

ते कसं जाईल? रान अजून नुकतंच साचू लागलं असेल तर उघडे चर पुरतात. सखल अंगाला कमरेइतका खोल चर घ्या, त्याला ओढ्याकडे उतार द्या आणि दर उन्हाळ्यात तो साफ करा. दुखणं खोल गेलं असेल तर जमिनीखाली सच्छिद्र नळ्यांचं जाळं टाकावं लागतं. तीन-चार फूट खोल, ठरावीक अंतरावर, गाळ आत जाऊ नये म्हणून कापड गुंडाळलेल्या नळ्या, आणि त्यांचं पाणी मुख्य नळीतून ओढ्यात. चिकणीचं प्रमाण भरपूर असलेल्या पण चोपण न झालेल्या रानात मोल नांगरानेही काम भागतं. ट्रॅक्टरमागे गोळीच्या आकाराचा लोखंडी फाळ दीड-दोन फूट खोल ओढत न्यायचा, की मातीतच पोकळ नळी तयार होते. खर्च कमी येतो. मात्र चोपण मातीत ही पोकळी लवकर ढासळते, तिथे पैसे घालू नका. सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे आणि या जमिनींचा त्यांचा अभ्यास मोठा आहे. जा, विचारा, तुमचा अहवाल दाखवा. नळ्यांचा आराखडा अंदाजाने आखू नका.

हे एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही, हेही खरं. अर्ध्या एकराच्या तुकड्यात नळ्या टाकून भागत नाही, कारण शेजारचं पाणी आत येतच राहतं. म्हणून गट करा. शिरोळ तालुक्यात शेकडो शेतकरी बांध विसरून एकत्र आले, सलग पट्ट्यात नळ्या टाकल्या, आणि वर्षानुवर्षं पडीक असलेल्या रानात पुन्हा पीक उभं राहिलं. ती माणसं तुमच्यासारखीच आहेत. त्यांचीही रानं तुकड्यांची, त्यांच्याही डोक्यावर कर्ज. त्यांच्या रानात जाऊन या. घरच्या बाईमाणसांना बरोबर न्या. परत आल्यावर आपल्या गावाची यादी करायला बसा.

कारखान्याच्या संचालकांनो, सोसायटीच्या चेअरमननो, तुम्हालाही हे सांगणं आहे. तुमचा गाळप हंगाम याच रानावर उभा आहे. सभासदाचं रान गेलं तर ऊस कुठून येणार? गटाला कर्ज द्या, ते उसाच्या बिलातून हप्त्याने वळतं करा, एक अभियंता गावागावांत पाठवा. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय सगळ्यात वर घ्या.

पाणी बाहेर जायची वाट झाली, तरी आत येणारं पाणी तसंच मोकाट राहिलं तर सगळं वाया. रात्रीची लाइट येते, मोटर ऑटोवर असते, पाणी सुरू होतं आणि आपण झोपलेले असतो. सकाळी सरी भरून वाहत असते. शेवटच्या सरीचं पाणी खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि तोच कोपरा पांढरा पडतो. सालाची पाणीपट्टी भरलीय म्हणून पाणी जास्त पाजू नका. पाळी आली म्हणून ओल्या रानाला पुन्हा पाणी देऊ नका. आधी कुदळीने वीतभर उकरा, मातीचा गोळा होतोय का बघा. होत असेल तर पाळी सोडा. ठिबक शक्य असेल त्यांनी ठिबक घ्या. नसेल त्यांनी सऱ्या आखूड करा आणि एकाआड एक सरी भिजवा. ऑटो काढून टाका. पाणी चालू असताना रानात माणूस हवा.

आता चाकाबद्दल. ओल्या काळ्या रानावर एकदा जड चाक फिरलं की त्याखालची माती दाबून तिचा थर होतो. पाणी तिथेच अडतं, मुळं तिथेच आडवी पसरतात. पूर्वी बैलगाडी होती. आता ऊस भरलेल्या ट्रॉल्या आहेत आणि दहा टनांच्या आसपासची तोडणी यंत्रं आहेत. सगळ्यात जास्त दाब पहिल्याच फेरीत बसतो. म्हणून वाहन सगळ्या रानात फिरू देऊ नका. त्याला एकच ठरलेली वाट द्या. तोडणीच्या आधी तीन-चार आठवडे पाणी तोडा, म्हणजे ऊस उचलताना रान टणक असेल. टोळीच्या मुकादमाला आणि ट्रॅक्टरवाल्या पोराला हे आधी सांगा. त्यांना सांगितलं तर ते ऐकतात.

मशागतीलाही हाच नियम. वाफसा नसताना नांगर, कुळव, रोटाव्हेटर काहीही रानात घालू नका. वाफसा ओळखणं अवघड नाही. वीतभर खोलीची मूठभर माती घ्या आणि तळहातावर वळून बघा. पेन्सिलीएवढी वळी न तुटता झाली, तर माती ओली आहे, घरी जा. वळताना ती भुगा झाली, तर रान तयार आहे. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सुरू झाला म्हणून आपला सुरू करू नका. भाड्याचं यंत्र उद्या मिळणार नाही, या भीतीने आज चिखल नांगरू नका. आज वाचलेला एक दिवस पुढची कित्येक वर्षं महाग पडतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांची रानं दिवसेंदिवस पाण्याखाली होती, त्यांनी तर हे घट्ट लक्षात ठेवा. पाणी ओसरल्यावर घाई झाली की रान पुढच्या पिकालाही साथ देत नाही.

एक मोठी गोष्ट आपल्या बाजूने आहे, ती विसरू नका. काळी माती स्वतःला दुरुस्त करते. उन्हाळ्यात ती वाळते, आकसते, तिला कोपराएवढ्या खोल भेगा पडतात. घट्ट झालेला थर त्या भेगांनी फुटतो, वरची भुसभुशीत माती आत ढासळते, हवा खोल जाते. पहिल्या पावसाचं पाणी त्याच भेगांतून थेट पोटात उतरतं. सोलापूरकडच्या जुन्या माणसांनी खोल काळ्या रानात खरिपाला काही न पेरता, नुसतं कुळवून पावसाचं पाणी मुरवलं आणि रब्बीला शाळू काढला, तो याच गुणाच्या भरवशावर. पण ऊस, खोडवा, पुन्हा ऊस, पुन्हा खोडवा, असं बारा महिने भिजत ठेवलेलं रान वाळतच नाही. त्याला भेगच पडत नाही. मग ते स्वतःला दुरुस्त कधी करणार?

म्हणून रानाला एक उन्हाळा द्या. शेवटचा खोडवा गेला की पाणी बंद करा, नांगरून तापू द्या. पावसावर ताग किंवा धैंचा पेरा आणि सहा-सात आठवड्यांत, फुलावर येताना, जागेवरच गाडा. चोपणपणाकडे झुकलेल्या रानात धैंचा चांगला तग धरतो. मग हरभरा घ्या, सोयाबीन घ्या, त्यानंतरच पुन्हा ऊस लावा. रान चोपण असल्याचं तपासणीत निघालं, तर अहवालात सांगितलेल्या मात्रेइतकं जिप्सम शेणखतात मिसळून द्या, पण पाण्याची वाट काढल्यानंतरच. जिप्सम चिकणीवरचं सोडियम सोडवतं. ते सुटलेलं सोडियम वाहून गेलं नाही, तर खर्च पाण्यात.

आणि पाचट पेटवू नका. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट आपण एका काडीने जाळतो, आणि मग सेंद्रिय खताच्या पिशव्या विकत आणतो. चिकण माती मोकळी ठेवायला कुजलेल्या काडीकचऱ्याइतकं स्वस्त काहीच नाही. पाचट सरीत दाबा. टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू टाका. पावसाळा संपता संपता त्याचं खत झालेलं दिसेल. बांधापलीकडे कुणी आगपेटी काढली, तर जाऊन त्याचा हात धरा. तो तुमच्यावर रागावणार नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या माझ्या माणसांनो, ऊस नसला तरी तुमचीही काळीच माती आहे. सोयाबीन आणि तूर आठवडाभराच्या झडीत पिवळी पडते, ती मुळाला हवा न मिळाल्याने. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने १९७० च्या दशकापासून याच मातीसाठी रुंद वरंबा-सरीची (बीबीएफ) पद्धत बसवली. मीटरभर रुंद वरंब्यावर पीक आणि शेजारच्या सरीतून जादा पाण्याला हलक्या उताराने वाट. झड लागली तरी मूळ बुडत नाही, उघडीप पडली तरी वरंब्यात ओल राहते. या पेरणीला बीबीएफ यंत्र आधीच सांगून ठेवा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचं खारं पाणी या मातीला पाजूच नका. शेततळं करा, पावसाचं गोड पाणी साठवा, तेच एखाद-दुसऱ्या पाळीला वापरा.

पुण्या-मुंबईत, दुबईत किंवा आणखी कुठे नोकरीला असलेल्या मुलामुलींनो, सातबाऱ्यावर तुमचंही नाव आहे. या रविवारी घरी फोन करा. 'पीक कसं आहे' एवढ्यावर थांबू नका. खालच्या कोपऱ्याचं काय झालंय ते विचारा. माती परीक्षणाची फी भरा. नळ्यांच्या गटात तुमच्या हिश्श्याचे पैसे घाला. सुट्टीला आलात की ओढ्याच्या बैठकीत वडिलांच्या शेजारी बसा. तुमच्या शिक्षणाची फी या रानाने भरली आहे.

आता कामाला लागा. उद्या सखल कोपरा बघा. परवा नमुने काढा. याच आठवड्यात ओढा चालत जा आणि वरच्या-खालच्या दहा शेतकऱ्यांना एकत्र बसवा. पावसाआधी निदान एक चर खणा, एक मोरी मोकळी करा, एक निरीक्षण नळी बसवा. सगळं एका उन्हाळ्यात होणार नाही, पण सुरुवात याच उन्हाळ्यात झाली पाहिजे. ज्यांचं रान गेलंय त्यांच्याकडे पाठ फिरवू नका, त्यांना गटात पहिलं घ्या. आणि हे वाचून झालं की ज्याच्या रानात पाणी साचतं असा तुमच्या ओळखीचा जो कुणी असेल, त्याच्या दारात जा आणि त्याला घेऊन शिवारात चला.